होडीच्या सिनेमाचा शेवट

त्या वर्षी मला कुठलाही सिनेमा शेवटपर्यंत बघता येईनासा झाला होता. घरी नुकतीच केबल आली होती. तारनाक्याच्या आमच्या भाड्याच्या घरात खिडकीच्या जाळीला भोक पाडून एक काळी वायर आत घेतली होती. नवरा ऑफिसातून आला की रिमोट हातात घ्यायचा. दहा मिनिटं बातम्या, पाच मिनिटं क्रिकेट, दोन मिनिटं कुठलंसं गाणं. मुलगा शेजारी बसून अजून भराभर बटण दाबायला सांगायचा. मी त्यांच्या मागे उभी. बसावंसंच वाटायचं नाही. गॅसवर काही नसताना गॅस बघून यायची, दोरीवरचे कपडे पुन्हा चाचपून यायची, आणि येईपर्यंत पडद्यावर तिसरंच काही चालू असायचं.

दिवसभरही तसंच. मी मुलींच्या कॉलेजात मराठी शिकवत होते. वर्गात चार मुली उरल्या होत्या. बोलायला चांगल्या बोलायच्या, वाचताना मात्र ओळीखाली बोट ठेवायच्या. पुढच्या वर्षी वर्ग राहील की नाही हे कुणी सांगत नव्हतं. नवऱ्याच्या बदलीची चर्चा होती, तीही अधांतरी. सगळीकडे काहीतरी होणार, होणार असं चाललेलं, आणि प्रत्यक्षात होत काही नव्हतं.

शनिवारची दुपार तेवढी ठरलेली होती. आम्ही तिघी मैत्रिणी विद्यापीठात एम.ए.ला एकत्र होतो. त्यातली एक शहराच्या जुन्या भागात, कोठीला राहायची. जुन्या शहरी घराण्यातली, सासरे वकील, नवरा दातांचा डॉक्टर; चार वर्षांचा मुलगा सासूकडे ठेवून एम.ए.ला यायची. खाली दवाखाना, वर घर. दुसरी नांदेडकडच्या शेतकरी घरातली, इथे भावाकडे राहून शिकलेली. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला गेली. तिच्या नवऱ्याचा दोन लेथ मशीनचा छोटा कारखाना होता आणि अलीकडे ती मशीनं निम्मा आठवडा बंदच असायची, कारण तो जे सुटे भाग बनवायचा ते आता बाहेरून आयते यायला लागले होते. या दोघींना मी मनातल्या मनातसुद्धा कोठीची आणि कुकटपल्लीची असंच म्हणायची.

कोठीच्या मैत्रिणीकडे व्हीसीआर होता. आम्ही तिच्या मधल्या खोलीत सतरंजी टाकून बसायचो आणि सिनेमा बघायचो. नवा सिनेमा कधीच नाही. तिघींनी आधी पाहिलेला, आणि पुन्हा बघावासा वाटणारा. हे कधी ठरवून ठरलं नव्हतं. एकदा कोठीचीने नवी कॅसेट आणली तेव्हा कुकटपल्लीची म्हणाली, "नक्को गं. पुढे काय होणार याची धास्ती घरी कमी आहे का?" तेव्हापासून आम्ही जुनेच बघत गेलो. एक घर बदलण्याचा विनोदी सिनेमा आम्ही चार वेळा पाहिला. त्यातला म्हातारा भाडेकरू चौथ्या वेळी आम्हाला विनोदी वाटला नाही आणि त्यावर तासभर बोलणं झालं. एक कोर्टाचा होता. त्यातल्या आईची बाजू मी पहिल्यांदा घेतली होती, आता घेता येईना. पडद्यावर कुणी रडायला लागलं की नेमका खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा. आम्ही थांबायचो, तो थांबला की कॅसेट थोडी मागे न्यायचो.

मी मात्र तिथेही तासाभराने उठायची. पाणी प्यायला, खिडकीतून रस्ता बघायला, शेजारी फोन करून मुलगा शाळेतून आला का विचारायला. "तुझ्या पायाला भिंगरी बांधलीय का?" असं कोठीची म्हणायची.

एका सिनेमावर आमचं दरवेळी वाजायचं, आणि तोच आमच्याकडे नव्हता. विद्यापीठाच्या सभागृहात फिल्म सोसायटीने दुपारी दाखवला होता. आमच्यापैकी कुणाच्याच भाषेतला नव्हता, खाली इंग्रजी अक्षरं पळायची. नदीकाठच्या एका गावात मुलींना गाणं शिकवणारी एक बाई, भावाचा सगळा संसार तिच्या शिकवण्यांवर चाललेला. नदीवर पूल बांधायचा म्हणून मोजणी करायला एक माणूस येतो. त्याला ती आवडते. माझ्याबरोबर चल म्हणतो आणि नदी ओलांडून पलीकडे जातो. शेवटी ती धक्क्यावर येऊन उभी राहते, होडीची वाट बघत. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

"ती होडीत बसते," मी म्हणायची. "पलीकडे तो छत्री घेऊन उभा असतो. हात पुढे करतो."

"होडीच येत नाही," कोठीची म्हणायची. "अंधार होतो आणि ती तिथेच. म्हणून तर तो सिनेमा चांगला."

कुकटपल्लीची शांतपणे म्हणायची, "ती परत जाते. घरी जाऊन कंदील लावते."

चौदा वर्षांत तिघींपैकी कुणीही माघार घेतली नव्हती. मी तर शपथेवर सांगितलं असतं. त्या माणसाच्या छत्रीची एक काडी मोडलेली होती, हेसुद्धा मला दिसत होतं.

मार्चमध्ये एका शनिवारी हा वाद नेहमीपेक्षा जास्त ताणला गेला. कोठीचीचा मुलगा आतल्या खोलीत अमेरिकेत शिकायला जायच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. तो दार उघडून म्हणाला, "आई, एकदा बघूनच टाका ना तो." आम्ही हसलो. कुकटपल्लीची हसली नाही. जिना उतरताना ती मला म्हणाली, "खरंच शोधू या का गं?"

आणि ती मागेच लागली. कोठीतली कॅसेटची दुकानं आम्ही दोघींनी पालथी घातली. निम्म्या दुकानांत आता ऑडिओ कॅसेट आणि कॅल्क्युलेटर होते. एका दुकानदाराने जुन्या व्हिडिओ कॅसेटचा ढीग फरशीवर ओतला होता आणि तो म्हणाला, "अम्मा, इसमें ढूंढ लो. अब घर में इत्ते चॅनेल आ गए, ये कौन देखता?" आम्ही दोघी जमिनीवर बसून लेबलं वाचत राहिलो. माझे पाय आखडले, मी उठून बाहेर गेले, परत आले. ती तशीच मांडी घालून बसलेली, बोटं काळी झालेली. मिळाली नाही. त्यानंतर ती मला कॉलेजात फोन करायला लागली. शिपाई बोलवायला यायचा, मी वर्ग सोडून पळत जायची, घरी काही झालं की काय म्हणून. ती विचारायची, "कुणाकडून काही कळलं का?" एवढ्यासाठी. एकदा मी चिडले. म्हटलं, "एका सिनेमासाठी एवढं कायकू?" ती "हौ, बरोबर आहे" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. चार दिवसांनी पुन्हा फोन.

शेवटी सिनेमा सापडला तो आमच्याच गल्लीत. तीन घरं सोडून एक निवृत्त रेल्वे गार्ड राहायचे. तेलुगू गृहस्थ, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. नवऱ्याने दुधाच्या रांगेत सहज विषय काढला तर ते म्हणाले की टीव्हीवर रविवारी दुपारी वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे लागायचे ते सगळे त्यांनी टेप करून ठेवलेत. मी गेले. कपाटात कॅसेटच्या रांगा, प्रत्येकीवर बारीक अक्षरात नाव आणि भाषा. होडीचा सिनेमा तिसऱ्या खणात होता. मी हात पुढे केला तर त्यांनी कॅसेट छातीशी धरली.

"कॅसेट बाहर नहीं जाती, मॅडम. आप लोग इधरच आके देखो."

एप्रिलातल्या शनिवारी आम्ही तिघी दुपारी दोन वाजता त्यांच्याकडे गेलो. कुकटपल्लीची दोन बस बदलून आली होती. तिने इस्त्रीची सुती साडी नेसली होती, डोक्यात मोगरा. कोठीची म्हणाली, "लग्नाला निघालीस का?" ती नुसतीच हसली. अंकलनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, स्वतः वेताच्या खुर्चीत बसले. कॅसेटच्या सुरुवातीला मूकबधिरांसाठीच्या बातम्यांचा तुकडा होता. हातवारे करणारी बाई दिसली आणि मग एकदम नदी.

सिनेमा मला आठवत होता त्यापेक्षा संथ होता. फार संथ. बाई हार्मोनियम पुसते, बाई दार लावते, मोजणी करणारा माणूस काठ्या रोवतो. मी दोनदा घड्याळ बघितलं. चारला मुलगा येणार होता, किल्ली शेजारी ठेवली होती, तरी मला वाटायचं की ठेवली नाही. कोठीची डोळे बारीक करून अक्षरं वाचत होती. कुकटपल्लीची सोफ्याच्या कडेवर पुढे सरकून बसली होती, जणू बसमध्ये तिचा स्टॉप जवळ आलाय.

बाई पिशवी घेऊन घरातून निघाली आणि करंट गेला.

पंखा हळूहळू थांबला. अंकल म्हणाले, "आधा घंटा. कभी कभी एक घंटा." त्यांच्या बायकोने ताकाचे ग्लास आणून ठेवले. आम्ही ताक प्यालो, पदराने वारा घेतला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मला बसवेना. मी चपला शोधायला लागले. म्हटलं, "मी घरी जाऊन येते. मुलगा आला असेल. आणि पुढचं आपल्याला ठाऊकच आहे."

कुकटपल्लीचीने माझं मनगट धरलं. जोरात धरलं.

"जाऊ नक्को," ती म्हणाली. "मला नाही ठाऊक."

"म्हणजे?"

"मी शेवट पाहिलेलाच नाही."

कोठीचीने हातातला ग्लास खाली ठेवला. अंकल समजून उठले आणि अंगणात गेले.

मग तिने सांगितलं. त्या दिवशी सकाळीच घरून निरोप आला होता की संध्याकाळी पाहुणे बघायला येणार, पाचच्या आत घरी ये. तिने आम्हाला सांगितलं नाही. आम्ही चिडवलं असतं, आणि मी तर नक्कीच भाषण दिलं असतं, कारण त्याच महिन्यात मी माझ्या घरी माझं लग्न मीच ठरवलंय म्हणून सांगितलं होतं आणि फार तोऱ्यात होते. ती सिनेमाला आली, कडेच्या खुर्चीवर बसली. बाई घरातून निघाली तेव्हा सभागृहाच्या दाराचा पडदा हलला आणि उजेडात तिचा मोठा भाऊ उभा दिसला. तो आत आला नाही, हाक मारली नाही. नुसता उभा राहिला. ती उठून गेली. बाहेर त्याची स्कूटर चालूच होती.

"तू सिनेमा संपल्या संपल्या बस पकडायला पळालीस असं म्हणाली होतीस," कोठीची म्हणाली.

"हौ. तसंच म्हणलं होतं."

"आणि चौदा वर्षं आमच्याशी भांडत होतीस?"

"तुम्ही दोघी भांडायच्या. मला पण काहीतरी म्हणावं लागायचं." ती मनगटावरचा हात काढून घ्यायला विसरली होती. "आधी नुसतंच म्हणलं, ती परत जाते. मग तसं म्हणलं की बरं वाटायला लागलं. तिनं घरी जाऊन कंदील लावला की मग मी पण… काही चुकलं नाही असं वाटायचं."

मला आठवत होतं की सिनेमा संपल्यावर मी आणि कोठीची शेवटावर इतक्या तावातावाने बोलत बाहेर पडलो होतो की कॅन्टीनपर्यंत पोचेस्तोवर ती आमच्यात नाही हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. चहा मात्र तीन मागवले होते.

नवरा वाईट होता का, असं तिला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. नव्हताच. कष्टाळू माणूस. पण तिला पुढे शिकायचं होतं. आमच्या तिघींत मार्क तिचेच जास्त होते, प्राध्यापकांनी पीएच.डी.साठी तिचं नाव पुढे केलं होतं. हे आम्हाला माहीत होतं. लग्न ठरलं म्हणाली तेव्हा आम्ही साडी घेऊन गेलो आणि जेवून आलो. दोघींपैकी एकीनेही तिला विचारलं नाही.

करंट सव्वाचारला आला. अंकल आत येऊन बसले. त्यांनी कॅसेट थोडी मागे नेली, आणि बाई पुन्हा घरातून निघाली.

ती धक्क्यावर येते. संध्याकाळ होते. होडी येते. नावाडी तिच्याकडे न बघता विचारतो, यायचं का. ती बसते. नदी बरीच मोठी दाखवली आहे, होडीला वेळ लागतो. पलीकडे ती उतरते. तिथे कुणी नाही. ती इकडेतिकडे बघतही नाही. पाय धुते, वर चढून जाते, एका शाळेच्या व्हरांड्यात वही तपासत बसलेल्या मास्तरला विचारते की इथे गाणं शिकवायला कुणी लागेल का. तो तिला थांबायला सांगतो. ती बाकावर बसते. संपलं.

छत्री नव्हती. तो माणूसच नव्हता. मी पडद्याकडे बघत राहिले, अजून काही येईल म्हणून, आणि निळा पडदा आला.

"एकदा परत लावता का, अंकल?" कुकटपल्लीचीने विचारलं.

त्यांनी लावलं. मग तिने आणखी एकदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती आधीसारखी कडेवर बसली नव्हती. मागे टेकली होती, हात मांडीवर. संपल्यावर म्हणाली, "बस."

कोठीची म्हणाली, "होडी आली म्हणजे. मी हरले." आणि माझ्याकडे वळून, "तू अर्धी जिंकलीस."

"अर्धी कशी? ती गेली की नाही?"

"गेली," कुकटपल्लीची म्हणाली. "पण तुझा तो कुठं होता?"

ती मला टोचून बोलली नव्हती. तरी मला एकदम राग आला. किल्लीचं निमित्त करून मी निघाले. अंकलना नीट धन्यवादही दिले नाहीत. गल्लीतून चालताना ती छत्री मला पुन्हा दिसत होती, मोडक्या काडीसकट. कुठून आणली होती मी ती? विद्यापीठातल्या त्या वर्षी माझ्या लग्नावरून वडील माझ्याशी बोलत नव्हते. पलीकडे कुणीतरी हात पुढे करून उभं आहे याची मला त्या वेळी फार गरज होती, एवढंच मला आज सांगता येतं. त्या दिवशी तेही सुचलं नाही. घरी नवरा मुलाला पोळी वाढत होता.

"कसा होता?" त्याने विचारलं.

"वेगळा होता."

"म्हणजे कुणाचं बरोबर निघालं?"

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि टीव्ही लावला.

पुढच्या आठवड्यात कुकटपल्लीचीचा फोन आला तेव्हा मी धावत गेले नाही. मला वाटलं, माझ्या रागाबद्दल असेल. तिला दुसरंच सांगायचं होतं. भाऊ आता नांदेडला परत गेला होता, त्याला तिने एसटीडी लावला होता.

"त्याला म्हणलं, दादा, तुला आठवतं का, मला सिनेमातून उठवून नेलं होतं."

"मग?"

"म्हणाला, कुठला सिनेमा? मी कधी नेलं? पाहुणे आले ते आठवतं म्हणाला. आईने शिरा केला होता, तेही आठवतं. दार, सभागृह, काही नाही. स्कूटर तर म्हणाला माझ्याकडे तेव्हा नव्हतीच."

"खोटं बोलतोय."

"नाही गं. त्याला खरंच आठवत नाही." मागून रस्त्याचा आवाज येत होता, ती बूथवरच होती. मीटर पळत असेल असं मला वाटत होतं. "मी त्याच्यावर इतकी वर्षं रागावले होते. त्याला पत्ताच नाही. आता तो राग घेऊन मी काय करू, सांग."

प्राचार्यांच्या खोलीत मी रिसीव्हर धरून उभी होते आणि शिपाई घंटा द्यायला निघाला होता.

आमचे शनिवार पुढे फार चालले नाहीत. भांडण झालं नाही. कोठीचीचा मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेला आणि ती दुपारी फोनजवळ बसून राहायला लागली. कुकटपल्लीच्या कारखान्यातलं एक मशीन विकलं गेलं, दुसरं नवऱ्याने ठेवलं. तिने त्याला न विचारता, म्हणजे विचारण्याऐवजी नुसतं सांगून, हमरस्त्यावरच्या एका नव्या कॉम्प्युटर क्लासच्या ऑफिसात नोकरी धरली. आधी चौकशीला येणाऱ्या मुलांना माहिती द्यायची, मग त्यांना इंग्रजी मुलाखतीसाठी तयार करायचं. नवरा पंधरा दिवस घुम्यासारखा वागला आणि मग तिला सकाळी सोडायला जायला लागला. पीएच.डी. तिने केली नाही. तिची मुलगी कधीतरी विचारायची, तर म्हणायची, आता नक्को, आता कामच पुष्कळ आहे.

मी तिला भेटायला तिच्या ऑफिसात एकदाच गेले. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीला टेकून रांगेत उभी मुलं, सगळी तेलुगूत एकदम बोलणारी. ती टेबलामागे उभी राहून एकाला अर्ज समजावून सांगत होती, कानाला फोन, आणि तेलुगू माझ्यापेक्षा कितीतरी साफ. मला बघून तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. पाच मिनिटं, असं ओठांनी म्हणाली. मी बसले. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, पर्स उघडली, बंद केली. मुलं आत येत होती, बाहेर जात होती. वीस मिनिटांनी मी उठले, तिला हात केला. तिने फोनवर बोलता बोलता मान हलवली, आणि पुढच्या मुलाचा अर्ज हातात घेतला.